शिवेवरचं पोतं

आपल्या रानातली ज्वारी आपल्या आईला खाऊ घालायची, यात अवघड ते काय, असं नाथाजी गुरुजींना वाटलं आणि तिथंच ते फसले.

रान सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळच्या अलीकडं. आई साताऱ्यात, गुरुजींच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, खिडकीजवळच्या खाटेवर. आणि या दोघांच्या मधे एक बांबू आडवा होता. बांबू म्हणजे खराखुरा बांबू. कराडच्या पुढं, जिथं एक जिल्हा संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथं तो रस्त्यावर आडवा टाकलेला असे. एका टोकाला धोंडा बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी, आणि दोरीजवळ खाकी कपड्यातला माणूस. त्या दिवसांत ज्वारीला जिल्ह्याची शीव ओलांडायची तर परवाना लागे. माणसाला लागत नसे.

हे जरा सावकाश सांगायला हवं, कारण आताच्या पोरांना ते थापा मारल्यासारखं वाटतं. बाहत्तरच्या दुष्काळानं लोकांची दाणादाण उडवली होती. तेव्हा सरकारनं ठरवलं की व्यापाऱ्यानं धान्य स्वस्तात घेऊन कोंडून ठेवू नये, मग महाग विकू नये. शेतकऱ्याची ज्वारी सरकारच घेईल आणि सरकारच सगळ्यांना सारखी वाटील. हेतू चांगला होता. चोरवाटांनी ज्वारी पळू नये म्हणून शिवेशिवेवर नाकी बसली. गुरुजींना हे सगळं मनापासून पटलेलं होतं. ते सातवीला नागरिकशास्त्र शिकवत. फळ्यावर मधोमध सूर्यासारखं सरकार काढत आणि भोवती किरणांसारखे नागरिक. खडू झिजला तर किरण आखूड व्हायचे, पण सूर्य नेहमी भरपूर मोठा.

त्याच फळ्यासमोर एकदा ते म्हणाले होते, "नागरिकाला देशात कुठंही जायचा-यायचा हक्क आहे."

"आणि त्याच्या डब्याला, गुरुजी?" सलिमा नावाच्या मुलीनं विचारलं होतं.

वर्ग हसला. गुरुजीही हसले. "अगं, डबा त्याच्याबरोबरच जातो की, बाळ."

आता त्यांच्या आईविषयी. बनुबाई दुष्काळात खडी फोडायला गेल्या होत्या, रेशनवर येणारी तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, त्यांनी कुरकुर न करता खाल्ली होती. घरात शाळूचं, म्हणजे रब्बीच्या पांढऱ्या ज्वारीचं, गाडगंभर बी होतं, त्याला मात्र हात लावू दिला नव्हता. पाऊस पडल्यावर तेच बी पुतण्या केरबानं पेरलं. मग कंबर धरली म्हणून गुरुजींनी त्यांना साताऱ्याला आणलं. फाल्गुनात केरबाचा निरोप आला: काकी, शाळू मळून झाला, सरकारचा वाटा घातला, तुमच्या वाट्याचं पोतं शिवून ठेवलंय, त्यावर थोडा सुटाही हाय.

त्या दिवसापासून बनुबाईंनी मिलोची भाकरी बाजूला सारली.

"आई, दुष्काळात खात होतीस ना हीच?" गुरुजी म्हणाले.

"तवा दुष्काळ व्हता. आता रानात शाळू पिकलाय न्हवं?"

"पिकलाय."

"माजाच हाय न्हवं?"

"तुझाच आहे."

"मग मी ह्यो लाल भुसा का खाऊ?"

या प्रश्नाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. पहिल्यांदा सगळ्यांना तो म्हातारपणीचा हट्ट वाटला. मग दोन घास गेले, एक घास गेला, नुसतं ताक राहिलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि म्हणाले, "रोग काही नाही. खायला घाला. नाहीतर थोडे दिवस."

गल्लीत ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांना त्याहून कमी वेळ लागला. समोरचे आप्पासो लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही अडचणीकडं ते शत्रूची टेकडी असल्यासारखं बघत.

"गुरुजी, सरळ हल्ला न्हाई करायचा. होल्डॉलमधी पायलीभर घाला, वर गादी, गादीवर तुमी. कोण उठवतंय मास्तरला?"

"आप्पासो, आपलीच वस्तू आपण चोरून का आणायची?"

आप्पासो उठून आपल्या दारात गेले. असा माणूस लढाईत कामाचा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं म्हणून.

गुरुजींच्या पत्नी विजयमाला जास्त व्यवहारी होत्या. "अहो, पोतं राहू द्या. दोन भाकरींपुरती आणा पिशवीतून. सासूबाईंना कुठं पोतं खायचंय?"

"विजयमाला, हक्क शेराच्या मापानं मोजत नसतात," गुरुजी म्हणाले, कोट चढवला आणि पुरवठा कचेरीत गेले. पुढं जे झालं ते या वाक्यामुळं झालं, असं विजयमालांचं शेवटपर्यंत मत होतं.

कचेरीतले भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी गुरुजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आईंचं नाव कुठल्या रेशनकार्डावर?"

"माझ्या. साताऱ्याच्या."

"मग त्यांना साताऱ्याचं धान्य मिळतंय. ज्याला इथलं मिळतं त्याला तिथलं कशाला?"

"ती इथलं खात नाही."

"खात नाहीत हे सरकारला कसं दिसणार? उचल तर होतेय. आधी नाव कमी करा."

गुरुजींना वाटलं, हेही बरोबर आहे. दोन्हीकडचं कुणी का खावं? "करा कमी," ते म्हणाले.

"कारण? मयत का स्थलांतर?"

"मयत कसं? आई जिवंत आहे."

"मग स्थलांतर. कुठं गेल्या?"

"कुठं नाही. घरीच आहे."

भाऊसाहेबांनी टाक खाली ठेवला. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. घरी बसून स्थलांतर कसं होईल?"

बराच विचार होऊन शेवटी 'तात्पुरते स्थलांतर, कवठे महांकाळ' असं ठरलं. बनुबाई खाटेवर कूस बदलत होत्या त्याच वेळी सरकारच्या हिशेबी त्या गावाला पोचल्याही. मग परवान्याचा अर्ज झाला आणि त्याची शिक्का मारलेली पोच मिळाली.

"परवाना कधी?"

"येईल की. आम्ही सांगलीला विचारणार, सांगली साताऱ्याला विचारणार."

"पण सातारा म्हणजे तुम्हीच ना?"

"म्हणून तर वेळ लागतो. पण तोवर पोच दाखवा, काय होत नाही," भाऊसाहेब म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते. त्यांनी नाका कधी बघितला नव्हता.

रविवारी गुरुजी एसटीनं कवठ्याला गेले. केरबानं पोतं आणून ठेवलं. सुतळी संपली म्हणून त्यानं तोंड बायकोच्या लुगड्याच्या निळ्या काठानं शिवलं होतं. गुरुजींनी पोत्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना वाटलं की हा नागरिकशास्त्राचा धडा आपण आज पायांनी शिकवतोय. पोतं टपावर चढलं. ते स्वतः खिडकीशी बसले, पोच वरच्या खिशात, अर्धी बाहेर, कुणालाही दिसावी अशी.

नाक्यावर बस थांबली. तिथं पत्र्याची शेड होती, लिंबाचं झाड होतं आणि कृष्णात नावाचा तरणा शिपाई होता. तो टपावर चढला आणि खाली बघून म्हणाला, "ज्वारी कुणाची?"

"माझ्या आईची," गुरुजी अभिमानानं म्हणाले आणि पोच पुढं केली.

कृष्णातनं ती दोनदा वाचली. "गुरुजी, ही पोच हाय. परवाना न्हवं."

"शिक्का आहे त्यावर."

"शिक्का अर्ज मिळाल्याचा हाय. ज्वारी न्यायचा न्हाई."

पाठीमागून एक ताडपत्री बांधलेला ट्रक आला. ड्रायव्हर ओरडला, "सरकी!" सरकीला, म्हणजे कापसाच्या बियांना, परवाना लागत नसे. कृष्णातनं न बघता दोरी सोडली, बांबू वर गेला. ट्रक निघाला तसा फाळक्याच्या फटीतून पांढरेशुभ्र टपोरे दाणे ओघळत गेले आणि शेडमागच्या कोंबड्या रस्त्यावर धावल्या.

"अहो, ही ज्वारी आहे!" गुरुजी म्हणाले.

"सरकी हाय."

"मी डोळ्यांनी बघतोय."

कृष्णात खाली मान घालून बांबू परत आडवा करत म्हणाला, "तुमचं डोळं बराबर हायत गुरुजी. माजी नोकरी बारकी हाय."

मग पंचनामा झाला. उतारूंमधले दोघे पंच झाले आणि बाकीचे सगळे न्यायाधीश. एक म्हणाला, पीठ करून आणायचं होतं. दुसरा म्हणाला, पीठही धरतात, लाह्या करायच्या होत्या. तिसरा म्हणाला, मास्तर माणसानं असं करावं, मग पोरांनी काय शिकावं? तो बोलला हळू, पण सगळ्या गाडीला ऐकू गेलं. गुरुजी साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. वरच्या खिशातली पोच त्यांनी आतल्या खिशात ठेवली होती. पोतं मुद्देमाल म्हणून लिंबाखाली राहिलं. सुनावणी ज्येष्ठात.

"ज्वारी येतेय, आई," घरी आल्यावर ते म्हणाले. "नाक्यापर्यंत आलीय."

"मग म्होरं का ईना? पाय मोडला का तिचा?"

पुढची युक्ती विजयमालांची. त्या म्हणाल्या, "सरकार पोत्याला हात लावतं, पिशवीला लावतं. सवाशिणीच्या ओटीला लावील का?"

आपल्याकडं सवाशीण घरातून निघाली की तिची ओटी भरतात, आणि कवठ्याच्या भागात ती शाळूनंच भरतात. तेव्हा ठरलं असं, की गल्लीतल्या बायकांनी तिथल्या देवीच्या जत्रेला जायचं. केरबाच्या बायकोनं घरातला सगळा सुटा शाळू ओट्यांत घालायचा. सासूला सोडून विजयमालांना हलता येत नव्हतं, म्हणून मोहिमेचं नेतृत्व आप्पासोंच्या मंडळींनी, राहीबाईंनी, केलं. आप्पासोंनी नकाशा काढून दिला, ज्याची काही गरज नव्हती.

मोहीम अशी फत्ते झाली की लष्करालाही हेवा वाटावा. बस थांबली, कृष्णात आत डोकावला, तर बाकाबाकांवर फुगलेले पदर घेऊन बायका बसलेल्या.

"काय हाय वं पदरात?"

"ओटी हाय माझ्या लेकरा," राहीबाई म्हणाल्या. "सोडून दावू व्हय? तुझ्या आईला विचार आधी."

कृष्णात कानापर्यंत लाल झाला आणि चार पावलं मागं सरून त्यानं बांबू उचलला. कराड येईस्तोवर बायका गाणी म्हणत होत्या.

गुरुजींनी अंगणात सूप मांडून ठेवलं होतं. बायका उतरल्या, आल्या, सुपाभोवती उभ्या राहिल्या. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"घाला की," विजयमाला म्हणाल्या.

एकीनं दुसरीकडं बघितलं. राहीबाईंनी पदर घट्ट धरला. "विजयमाला, काय सांगू बाई. निघताना काय डोक्यात आलं न्हाई. पर केरबाच्या बायकुनं हळदीकुंकू लावलं, नारळ ठेवला, देवीच्या म्होरं भरली. आमच्या नावाची ओटी झाली. आता ती वतून दुसऱ्याला कशी देऊ? माज्या धन्याचं काय बरंवाईट झालं तर?"

"दुसऱ्याला कुठं? सासूबाईंची ज्वारी ती."

"ते खरं. पर त्या..." राहीबाईंचा आवाज खाली गेला. "त्यांच्या कपाळाला कुकू न्हाई, बाई. सवाशिणीची ओटी त्यांच्या ताटात कशी वाढायची? तूच सांग."

विजयमालांनी सांगितलं नाही. कारण राहीबाईंच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही पदर घट्टच धरला असता, आणि हे त्यांना माहीत होतं. आप्पासो दारातून म्हणाले, "अगं, माझं मी बघून घेतो, घाल ती सुपात!" पण या बाबतीत हवालदाराचा हुकूम चालत नव्हता. मग एकेक बाई मान खाली घालून आपापल्या घरात गेली. सरकारनं सोडलेली ज्वारी गल्लीनं धरली. सूप रिकामंच राहिलं.

ओटीचं धान्य ठेवून देत नाहीत, शिजवून खातात. त्यामुळं त्या संध्याकाळी गल्लीत घरोघरी नव्या शाळूच्या भाकरी थापल्या जाऊ लागल्या. तव्यावर पडलेल्या ताज्या शाळूचा वास काय असतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. विजयमालांनी उठून खिडकी लावून घेतली, पण फटींना परवाना लागत नाही.

बनुबाईंनी डोळे उघडले. "आली का गं ज्वारी?"

विजयमाला खाटेपाशी जाऊन गोधडी सारखी करू लागल्या.

"आलीया. मला वास आला. माजाच शाळू हाय त्यो."

"येईल, सासूबाई."

"किती भाजतायसा? करपंल." आणि त्या वाट बघत जाग्या राहिल्या. कुणी ताट आणलं नाही तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

तेव्हा नाथाजी गुरुजींनी आपलं एक तत्त्व मोडायचं ठरवलं. पेठेत मागच्या दारानं शाळू मिळतो, चौपट भाव मोजला की हवा तेवढा मिळतो, हे सगळ्या साताऱ्याला माहीत होतं. सरकीच्या ट्रकमधून आलेली ज्वारी कुठंतरी उतरतच असणार. व्यापारी कोंडतात म्हणून सरकारनं नाकी बसवली, आणि नाकी बसली म्हणून ज्याच्याकडं ज्वारी पोचते त्याला हवा तो भाव मागता यायला लागला. हे गणित गुरुजींनी फळ्यावर कधी मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर सूर्य जरा पुसावा लागला असता.

ते मफलर गुंडाळून बोळातून मागच्या दाराशी गेले. चैत्राच्या उन्हात मफलर गुंडाळलेला माणूस लांबूनही उठून दिसतो. दार उघडलं मानसिंगनं. त्यांचाच जुना विद्यार्थी.

"गुरुजी!" तो वाकला आणि त्यानं पायाला हात लावला. "तुम्ही, मागच्या दारानं?"

"शाळू हवा होता थोडा."

मानसिंगचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडले. "गुरुजी, शप्पथ. असलं काही आम्ही करत न्हाई. कुणीतरी उगीच नाव घेतलं असंल."

"अरे, मला खरोखर हवाय. देईन तो भाव."

"तुम्ही परीक्षा बघताय. तुमच्याकडं शिकलोय मी. 'लबाडीनं मिळवलेला घास विद्यार्थ्यानं तोंडात घालू नये', तुम्हीच म्हणायचा." मानसिंगच्या मागं पोत्यांची भिंत उभी होती. तिच्याकडं पाठ करून तो इतक्या श्रद्धेनं बोलत होता की गुरुजींना तोंड उघडवेना. वर त्यानं त्यांना चहा पाजला आणि रस्त्यापर्यंत सोडायला आला. पुढच्या दारानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई उठून बसल्या. त्यांच्यात बसण्याची ताकद कुठून आली कुणास ठाऊक.

"नाथा, ज्वारीला सोडत न्हाईत व्हय रं?"

"नाही, आई."

"आन मला?"

"तुला कोण अडवणार? माणसाला परवाना लागत नाही."

"मग मलाच न्ये की तिकडं. येवढं सोपं कसं सुचलं न्हाई तुला? मास्तर हायस न्हवं?"

गुरुजींना ते पूर्वीच सुचलं होतं. पण म्हातारी आई गावाला परत पाठवली, लेकाला सांभाळता आली नाही, असं लोक म्हणतील, या विचारानं त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. आता त्यांनी गोधडी गुंडाळली. केरबाकडचा सगळा सुटा शाळू ओट्यांत गेला होता, पोतं नाक्यावर होतं. पण गावात कुणीही भाकरी वाढली असती, त्याच मातीतली. आप्पासोंनी म्हातारीला पाठीवर घेऊन स्टँडवर नेलं आणि ड्रायव्हरला सलाम ठोकून सांगितलं, "खड्डं बघून चालव रं गड्या."

कराडपर्यंत बनुबाई झोपल्या होत्या. नाक्यावर बस थांबली तशा जाग्या झाल्या. त्या दिवशी शेडमध्ये वरचे साहेब आले होते, म्हणून दोन्ही बाजूंच्या गाड्यांची तपासणी होती आणि उतारूंना खाली उतरवत होते. गुरुजींनी आईला उचलून लिंबाच्या सावलीत आणलं.

तिथं कृष्णात पोत्यावर बसून भाकरी खात होता. पोत्याचं तोंड निळ्या काठानं शिवलेलं.

बनुबाईंनी बघितलं. "ऊठ रं लेकरा," त्या म्हणाल्या. आवाज असा की खळ्यावर गडी चुकला तर यायचा तसा. "अन्नावर बसू नगंस."

कृष्णात तोंडातल्या घासासकट उभा राहिला. मग त्यानं गुरुजींना ओळखलं, म्हातारीला बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. त्यानं शेडकडं नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "आजी, शिवण उसवतो जरा. वंजळभर घ्या पदरात. सायबाचं तिकडं तोंड हाय."

गुरुजींनी आईकडं बघितलं. आपलीच वस्तू चोरून का घ्यायची, हे वाक्य त्यांच्या तोंडात आलं नाही. "घे आई," ते म्हणाले. "घे."

"चोरून?" बनुबाई म्हणाल्या. "माज्याच पोत्यातनं मी चोरू व्हय रं, नाथा?"

मग त्यांनी हातानं खूण केली, खाली बसव. पोत्याच्या कोपऱ्याला उंदरानं भोक पाडलं होतं आणि मातीत थोडे दाणे सांडले होते. मुंग्यांनी त्यांना रांग लावली होती.

काढणी झाल्यावर रानात जे सांडतं त्याला सरवा म्हणतात. तो जो वेचील त्याचा. मालकानं तिथं बोलायचं नसतं. बनुबाईंनी दुष्काळातसुद्धा आपल्या रानात कुणाला सरवा वेचताना हटकलं नव्हतं. आता त्या आपल्याच पोत्याखाली बोटांनी दाणा दाणा वेचू लागल्या. मुंगी झटकायच्या, दाणा पदराला पुसायच्या. दोन दाणे त्यांनी तोंडात टाकले. दात नव्हते, म्हणून नुसते गालात धरले.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या.

बाकीचे मुठीत ठेवले. कंडक्टरनं घंटी दिली, उतारू चढले. गुरुजी म्हणाले, "आई, चल." त्यांनी खांद्याला हात लावला तर मान पोत्यावर कलली. कृष्णातनं टोपी काढली तेव्हा गुरुजींना कळलं.

साहेब बाहेर आले. त्यांनाही आपलं काम होतं. "कुठल्या हद्दीत झालं हे? झाड सांगलीत, शेड साताऱ्यात." मग त्यांनी बाईंचं गाव विचारलं. गुरुजी फळ्यासमोर बोलावं तसं सरळ म्हणाले, "कागदावर कवठे महांकाळ. रेशनकार्डातून नाव आधीच कमी केलंय. मी स्वतः केलंय." साहेबांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि आणखी काही न विचारता ते शेडमध्ये जाऊन बसले.

बस कवठ्याकडं निघून गेली. नद्यांचा संगम कराडला, जवळच. अग्नी द्यायला तिथंच न्यायचं ठरलं. पण नेणार कशातून? तेवढ्यात सांगलीकडून ताडपत्रीचा ट्रक आला. ड्रायव्हरनं झाडाखाली बघितलं आणि विचारायच्या आधीच फाळका सोडला. कृष्णात आणि तो, दोघांनी मिळून म्हातारीला वर घेतलं आणि भरल्या पोत्यांवर गोधडी अंथरून निजवलं. गुरुजी शेजारी बसले. पोती टणक, गोल दाण्यांची होती, हे त्यांच्या मांडीला कळत होतं. आईची मूठ मिटलेली होती. त्यांनी ती उघडायचा प्रयत्न केला नाही. वर आपला हात ठेवला.

ट्रक बांबूपाशी आला. शेडमध्ये साहेब बसले होते, म्हणून कृष्णातला मोठ्यानं विचारावं लागलं. त्यानं ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरच्या तोंडातून आज शब्द फुटेना. मागं प्रेत असताना खोटं कसं बोलायचं, असं त्याला झालं असावं.

"गाडीत काय हाय?" कृष्णातनं परत विचारलं.

मग मागून, पोत्यांवरून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात नाथाजी गुरुजी म्हणाले,

"सरकी."

बांबू वर गेला.